बिनचाकांची बॅग

बॅगा दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण दुरुस्त केलेली बॅग गिऱ्हाइकाच्या खांद्यावर चढवून त्याला कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत चालायला लावणारा माणूस त्या सबंध बाजारात एकच होता. सगळे त्यांना चेनवाले म्हणत. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण पाटी वाचायच्या भानगडीत कोण पडतो? चेन अडकली, रनर तुटला, हँडल निखळलं, चाक फुटलं की माणसाचे पाय आपोआप त्या दुकानाकडे वळत.

"पैसे राहू द्या. आधी पत्रपेटीला हात लावून या," चेनवाले म्हणत.

"अहो, गाडीची वेळ झालीय माझ्या!"

"मग पळत जा. पळताना तर आणखी नीट कळतं."

गिऱ्हाईक कुरकुरत जाई. चेनवाले उंबऱ्यावर उभे राहून त्याच्या खांद्याकडे बघत. डावा खांदा उतरला की पट्टा आखूड करायचा, मान पुढे आली की पट्ट्याखाली फोमची गादी घालायची, माणूस बॅगेला हाताने सावरत चालला तर तळाशी आणखी एक टीप मारायची. माणूस परत येईपर्यंत ते हे सगळं ठरवून मोकळे झालेले असत. "खांदा खोटं बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं. "तोंडाचं काय, तोंड सगळ्यालाच छान म्हणतं."

गल्ल्यावर त्यांची बायको बसे. तिला सगळा बाजार काकू म्हणे, वयानं मोठे असलेलेसुद्धा. अडकलेल्या चेनी सोडवणं हे काकूंचं काम. ड्रॉवरमध्ये मेणबत्तीचा एक तुकडा असे. तो दातऱ्यांवरून फिरवायचा, बोटानं हळूच चाचपायचं, आणि जी चेन दांडग्या माणसांनी ओढून ओढूनही उघडली नव्हती ती काकूंच्या हातात निमूट सरकायची. आणि बॅग गल्ल्यावरून पलीकडे देताना त्या न चुकता म्हणायच्या, "सुखरूप जा, सुखरूप या." ते तोंडदेखलं नव्हतं. काकूंचा देवावर फार विश्वास. कोण कुठल्या प्रवासाला निघालंय, हे लक्षात ठेवून संध्याकाळी हात जोडताना त्या त्याचंही नाव घेत. बॅग दुरुस्तीचे पैसे घेतले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं त्यांना कधी वाटलं नाही.

असं सगळं गाव प्रवासाला गेलं आणि परत आलं. हे दोघं मात्र कुठे म्हणून गेले नाहीत. एका मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, चेनवाल्यांच्या आईचं अंथरुणावरचं दुखणं, यातच वर्षं सरली. जग त्यांना ठाऊक होतं ते बॅगांच्या तळातून. कुणाच्या बॅगेत शंखाचा तुकडा निघे, कुणाच्यात वाळलेलं पान, कुणाच्यात हॉटेलचा साबण.

एके दिवशी एक फोटो काढणारी मुलगी दुकानात आली. टणक कवचाची मोठी बॅग, एक चाक गायब, आणि चेन जागच्या जागी दगड झालेली. काकूंनी मेणबत्ती फिरवायच्या आधी बॅग कागदावर धरून झटकली. दातऱ्यांमधून रेती पडली. लाल. विटेचा भुगा पडावा तशी.

"ही कुठून आणलीस गं?"

"आफ्रिकेतून, काकू. पार खाली, दक्षिणेला. वाळवंट आहे तिकडे."

"वाळवंटात चाकाची बॅग?" चेनवाले म्हणाले. "होडीला सायकलचं चाक लावायला जाशील उद्या."

मुलगी हसली. "तिथं हेच झालं. पुढचं विमान एवढंसं. पाच-सहा माणसांचं. पायलट म्हणाला, ही पेटी माझ्या विमानाच्या पोटात मावत नाही. मऊ बॅग हवी, उशीसारखी दाबून कोंबता आली पाहिजे. चाकं नकोत, सांगाडा नको. काका, तशी बॅग करून द्याल?"

"चाकं नाहीत, सांगाडा नाही, म्हणजे पिशवीच की!"

"पिशवीच. पण जन्मात न फाटणारी."

चेनवाल्यांना हा अपमानही वाटला आणि आव्हानही. ते माप घेत होते तोवर मुलीनं काकूंना मोबाइलवर फोटो दाखवले. लाल रेतीचे डोंगर, कडेनं सुरीनं कापल्यासारखे. त्यांच्या पायथ्याशी पांढरीफटक, भेगाळलेली जमीन, आणि त्या जमिनीवर काळी, निष्पर्ण झाडं. उभी.

"ही झाडं कित्येक शतकांपूर्वी मेलीत," मुलगी सांगत होती. "पण हवा इतकी कोरडी की कुजतच नाहीत. तशीच उभी आहेत."

काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "आपण मेलोय हे यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं."

दुसऱ्या एका फोटोत पाण्याचं डबकं होतं. एका काठाला हत्ती, दुसऱ्या काठाला झेब्रे, मध्ये जिराफ पाय फाकवून वाकलेला.

"एवढी जनावरं शोधायला केवढं हिंडावं लागत असेल!"

"हिंडायचंच नाही, काकू. कोरड्या दिवसांत दुसरीकडे कुठे पाणीच नसतं. आपण पाण्यापाशी गुपचूप बसून राहायचं. येतात सगळी."

काकूंना हे फार आवडलं. "म्हणजे माझ्यासारखंच. जन्मभर ओट्यापाशी उभी राहिले, आले की नाही सगळे?" मग मोबाइल परत देताना त्यांनी जरा भीत भीत विचारलं, "तिकडे म्हातारी माणसं जातात का गं?"

"अहो, जास्त म्हातारीच असतात!"

त्या संध्याकाळी शटर ओढायची वेळ झाली. चेनवाल्यांनी आकडीची काठी वर नेली, तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, "आपण जाऊया का हो?"

"कुठे?"

"त्या पाण्यापाशी बसायला."

चेनवाल्यांच्या हातात काठी तशीच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी स्वतःसाठी काय मागितलं होतं, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. ओट्याच्या वर एक फळी मागितली होती, डबे ठेवायला. ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठोकून दिली होती. त्यानंतर हेच.

"जाऊ की," ते म्हणाले. आणि शटर खाली ओढलं ते इतक्या जोरात, की शेजारचा चावीवाला दचकून बाहेर आला.

ठरलं ते असं. लेकीला सांगितलं तेव्हा ती बँकेतून फोनवर किंचाळलीच, आधी घाबरून आणि मग आनंदानं. सहलीच्या कचेरीतल्या बाईंनी सांगितलं, आत्ता गेलात तर जनावरं पांगलेली असतील; कोरडा मोसम लागू द्या, मग ती पाण्यावर येतात. चेनवाल्यांना हे पटलं. अर्धवट काम त्यांच्या हातून कधी गेलं नव्हतं, मग ही सहल तरी अर्धवट का जावी? मोसम लागेपर्यंत थांबायचं ठरलं. बरेच महिने हातात होते.

दुकानातल्या कापायच्या टेबलावर एक तपकिरी रेक्झिन अंथरलेलं असे. चेनवाल्यांनी त्यावर खडूनं रस्ता आखायला घेतला. एका टोकाला मोठं विमान उतरतं ते शहर. तिथून खाली वळत लाल डोंगर. मग समुद्र. पाणी इतकं गार, की त्यावरून रोज धुकं उठून वाळवंटात शिरतं. आणि तिथून वर, पांढऱ्या मिठाच्या मैदानाशी, पाण्याची डबकी. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहत. काकू सांगत, चेनवाले आखत.

"इथं दोन दिवस ठेवा."

"समुद्रावर? समुद्रात काय बघायचंय?"

"समुद्र नाही हो, तो किडा. ती मुलगी म्हणाली नव्हती का? रेतीच्या टेकाडावर चढून डोकं खाली करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवरून घरंगळत त्याच्या तोंडात येतात." काकूंचे हात नकळत जोडले गेले. "एवढ्याशा जिवाची तहान भागवायला समुद्रावरून धुकं पाठवतो तो. आणि आपण उगाच काळजी करत बसतो."

चावीवाला येता-जाता डोकावे. "काय चेनवाले, गल्लीतलं कुत्रं भुंकलं तर माझ्या दुकानात शिरता, आणि सिंह बघायला निघालात?"

"ते नाही घाबरणार," काकू मान वर न करता म्हणत. "सिंह आला तर म्हणतील, आधी पत्रपेटीपर्यंत चालून दाखव."

त्या दिवसांत दुकानातून इतकं हसू ऐकू यायचं, की सरळ चाललेली माणसं थांबून बघत.

मग चेनवाल्यांनी दोन बॅगा शिवायला घेतल्या. जाड मेणकापड, दुहेरी टीप, पितळी रनर, कुठे एक कडक पट्टी नाही. स्वतःची त्यांनी भराभर उरकली. काकूंची मात्र हौसेनं केली. आतून मऊ अस्तर, चष्म्याला कप्पा, जपमाळेला छोटा कप्पा, दुर्बिणीला बाहेरून हाताशी येईल असा कप्पा. सामान भरून झालं आणि ते म्हणाले, "चल, आता तूही पत्रपेटीला हात लावून ये. बायको झाली म्हणून सूट नाही."

काकू हसत हसत गेल्या. परत येताना हसू नव्हतं. उंबऱ्यावर बॅग टेकवून त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं? पट्टा?"

"हो," काकू म्हणाल्या. "पट्टाच. रुततोय जरासा."

चेनवाल्यांनी पट्टा रुंद केला. खाली गादी घातली. आठवड्यानं पुन्हा काकू पत्रपेटीपर्यंत गेल्या. त्यांचा उजवा खांदा खाली आला होता आणि चाल मंदावली होती, हे चेनवाल्यांनी बरोबर टिपलं. "बॅगच जड झालीय," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "मेणकापडच दांडगं वापरलं मी. माझंच चुकलं." त्यांनी सगळी टीप उसवली आणि पातळ कापडाची दुसरी बॅग शिवली. एकदा शिवलेलं उसवायला त्यांच्या जिवावर येई, पण हे काम बायकोचं होतं.

तीही जड वाटली. मग पितळी रनर काढून हलके घातले. मग आतलं सामान कमी केलं. दुर्बीण माझ्या बॅगेत, बूट माझ्या बॅगेत, औषधांचा डबा माझ्या बॅगेत. काकू म्हणत, "अहो, राहू द्या ना, होईल सवय." चेनवाले म्हणत, "सवय माणसानं का करावी? बॅगेनं करावी." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते चावीवाल्यालाही ऐकवलं.

मधे एकदा काकूंच्या चपला घट्ट होऊ लागल्या. संध्याकाळपर्यंत पट्टा पायात रुतून बसे. चेनवाल्यांनी ते बघितलं, न विचारताच चपला उचलल्या, पट्टे सोडवून सैल करून दिले. काकूंनी पाय आत घातला आणि म्हणाल्या, "देवानं मला कारागीर नवरा दिला बघा." चेनवाले दिवसभर खूश होते.

लेक आली तेव्हा तिनं मात्र विचारलं, "आई, पाय सुजलेत तुझे?"

"दिवसभर उभी असते, सुजतील नाही तर काय?"

"एकदा दाखवून घे की."

"दाखवते. आधी जाऊन येऊ दे आम्हाला." काकू लगेच टेबलाकडे वळल्या. "हे बघ, इथं आम्ही तीन दिवस राहणार. नुसतं पाण्यापाशी बसून. तुझे बाबा म्हणतात, बसायला तीन दिवस कशाला? म्हटलं, तुम्ही बसलात कधी जन्मात, तर कळेल?"

लेकीनं नकाशा बघितला, आईचा चेहरा बघितला आणि तो विषय सोडून दिला. आईला इतकं खूश तिनं कधी बघितलं नव्हतं.

मोसम जवळ आला. तिकिटं झाली. आणि चेनवाल्यांनी ती शेवटची बॅग केली. छत्रीच्या कापडाची, एकेरी, हातात धरली तर हवेनं हलावी अशी. तसली बॅग त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्या दिवशी त्यांनी तिच्यात सामानसुद्धा भरलं नाही. नुसते कागदाचे बोळे कोंबले, आकार यावा म्हणून.

"आता बघ," ते म्हणाले. "आता तुला बॅग आहे हेसुद्धा कळायचं नाही."

काकू निघाल्या. सकाळची वेळ, रस्ता कोवळ्या उन्हात, शेजारची दुकानं उघडत होती. चेनवाले उंबऱ्यावर उभे. खांद्याकडे बघत. काकू पत्रपेटीशी पोचल्या, तिच्यावर हात ठेवला, आणि परत वळल्या नाहीत.

"काय झालं?" चेनवाले इथूनच ओरडले. "पट्टा का?"

काकू पत्रपेटीला धरून हळूहळू खाली बसल्या.

चेनवाले धावले. मागून चावीवाला धावला. चेनवाल्यांनी जाऊन पहिली गोष्ट काय केली असेल, तर काकूंच्या खांद्यावरून बॅग उतरवली आणि हातात तोलून बघितली.

"यात तर काहीच नाहीये गं," ते म्हणाले.

काकूंचे ओठ काळेनिळे पडले होते. तरी त्या हसल्या. "मग मीच जड झाले असेन."

इस्पितळात डॉक्टरांनी काकूंना तपासलं, छातीचा फोटो काढला, पायांवर बोट दाबून बघितलं. बोटाचा खळगा तसाच राहिला. मग ते चेनवाल्यांकडे वळले. "दम कधीपासून लागतोय यांना?"

"बॅग उचलली की लागायचा," चेनवाले म्हणाले. "आधी जाड कापडाची होती ना. मग मी पातळ..."

"बॅग जाऊ द्या. रिकाम्या हाताने चालताना लागायचा का?"

काकूंना रिकाम्या हाताने चालताना त्यांनी अलीकडे बघितलंच नव्हतं. बघितलं असेल, पण बघितलं नव्हतं.

"लागायचा," पलंगावरून काकू म्हणाल्या. "पोळ्या लाटतानाही लागायचा. जिना चढताना मी मध्येच थांबायचे. यांना सांगायचे, चष्मा विसरले, तुम्ही व्हा पुढे."

हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. झडप निकामी होत आलीय, फुप्फुसात पाणी भरतंय. विमानाचा तर विचारही नको. चेनवाल्यांनी विचारलं, "आधी आणलं असतं तर?" डॉक्टरांनी समोरचे कागद सारखे केले.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आख्ख्या गावाचे खांदे दिसतात तुम्हाला. आई कशी दिसली नाही?" बोलून गेली आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. पण बोललेलं काही परत घेतलं नाही. चेनवाल्यांनाही ते परत घ्यायला नकोच होतं.

घर दुकानाच्याच माडीवर होतं; काकूंचे कपडे आणायला म्हणून गेले ते आधी दुकानात शिरले. टेबलावर तो रस्ता होता. लाल डोंगर, समुद्र, पाण्याची डबकी. एका डबक्याशी काकूंनी खडूनं दोन छोट्या रेघा काढल्या होत्या, शेजारी शेजारी. ते दोघं म्हणे. चेनवाल्यांनी फडकं पाण्यात बुडवलं आणि सगळं रेक्झिन पुसून काढलं. या खडूनंच घात केला, याच्यापायीच आपण आंधळे झालो, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. डाग राहू नये म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा पुसलं. कामाला ते पक्के होतेच.

परत येऊन ते काकूंच्या उशाशी बसले. "सांगितलं का नाहीस?" एवढंच विचारता आलं.

काकूंनी त्यांचा हात धरला. "सांगितलं असतं, तर तुम्ही सगळं पुसून टाकलं असतं. मला माहीत आहे ना तुमचा स्वभाव. म्हटलं, देवाला मागावं, तेवढं जाऊन येऊ दे. मग काय असेल ते असेल. घरी गेलो की ते दोन दिवस समुद्रावरचे कमी करा. पण पाण्यापाशी बसायचं ठेवा हं."

चेनवाल्यांच्या बोटांच्या पेरांत अजून ओला खडू होता.

काकूंना घरी सोडलं. आता हे घरीच, औषधांवर, असं डॉक्टर म्हणाले. जिना चढायची मनाई, म्हणून दुकानातच मागच्या बाजूला पलंग टाकला. लेकीनं आधार देऊन त्यांना आत आणलं. काकूंची नजर आधी टेबलावर गेली. तपकिरी रेक्झिन कोरं होतं, नुकतंच दुकानातून आणल्यासारखं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर चेनवाल्यांना बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "पुसलंत होय." आणि थोड्या वेळानं, "पाण्यापाशी बसायचं राहिलं होतं हो."

"पुन्हा आखतो," चेनवाले म्हणाले. खडू घेतला. रस्ता त्यांना पाठ होता, डोळे मिटून काढता आला असता. पण हात चालेना. शहर कुठे, डोंगर कुठे, समुद्र कुठल्या बाजूला, काही म्हणजे काही उमटेना. ज्या माणसाची रेघ कधी केसभर हलली नव्हती, तो रेक्झिनवर खडू नुसता टेकवत होता आणि उचलत होता. शेवटी त्यांनी एक वेडावाकडा गोल काढला. डबकं.

"पुरे," काकू म्हणाल्या. "खुर्ची इकडे घ्या. बसते इथंच."

त्यानंतर त्या रोज सकाळी टेबलाशी टेकून बसत. एक बोट त्या गोलाच्या काठावर. गिऱ्हाइकं येत, कुणी चेन घेऊन, कुणी चाक घेऊन. काकू चेनवाल्यांकडे बघून डोळे मिचकावत आणि हळूच म्हणत, "आले बघा हत्ती." एकदा एक फार उंच माणूस वाकून दारातून आत आला तेव्हा दोघांनाही हसू आवरेना. तो बिचारा आपल्या कपड्यांना काय लागलंय ते बघत राहिला. त्या हसण्यानं काकूंना ढास लागली, आणि ढास थांबली तरी चेनवाल्यांचा हात कितीतरी वेळ त्यांच्या पाठीवरून फिरत होता.

एका सकाळी एक बाई अडकलेली चेन घेऊन आल्या. चेनवाले मशीनवर होते. काकूंनीच मेणबत्ती मागून घेतली. दातऱ्यांवरून फिरवली, चाचपलं, चेन सरकली. "सुखरूप जा, सुखरूप या," असं त्या म्हणाल्याचं चेनवाल्यांनी मशीनच्या आवाजातून ऐकलं. त्या बाई गेल्या. टीप पूर्ण झाली, चेनवाल्यांनी दोरा तोडला आणि मागे बघितलं. काकू तशाच बसलेल्या होत्या. टेबलाला टेकून, बोट गोलाच्या काठावर. चेनवाल्यांनी दोनदा हाक मारली. आपण गेलोय, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे दुकान उघडलं ते बऱ्याच दिवसांनी. लेक म्हणत होती, बाबा, माझ्याकडे चला. ते गेले नाहीत. ती छत्रीच्या कापडाची बॅग त्यांनी गल्ल्यामागच्या खुंटीला अडकवली. दार उघडं असलं की वाऱ्यानं ती हलायची. गिऱ्हाइकं पूर्वीसारखीच येत. बॅग हातात घेतली की गल्ल्याशी क्षणभर थांबत, काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखी, आणि मग निघून जात. चेनवाल्यांना ते कळायचं. ते चार शब्द म्हणायचा त्यांनी एकदा प्रयत्नही केला, पण "सुखरूप" एवढ्यावरच त्यांनी गल्ल्यावर डोकं टेकवलं आणि समोरचा माणूस घाबरून पाणी आणायला धावला. पत्रपेटीपर्यंत कुणाला पाठवणं त्यांनी बंदच केलं. "झाली. घेऊन जा," म्हणायचे, खाली मान घालून.

मग ती फोटो काढणारी मुलगी आली. तिची बॅग वाळवंटात दोनदा जाऊन आली होती आणि एक टाका सुटला नव्हता, हे तिला सांगायचं होतं. तशीच आणखी एक करून हवी होती. बोलता बोलता तिचं लक्ष खुंटीकडे गेलं.

"काका, ही किती हलकी! हीच द्या ना."

"ती द्यायची नाही."

"काकू कुठे दिसत नाहीत? गेलात की नाही मग पाण्यापाशी बसायला?"

चेनवाल्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. तो गोल अजून तिथं होता. त्याच्यावर त्यांनी कधी कापड अंथरलं नव्हतं, कापायचं काम ते आता जमिनीवर करत. मग त्यांनी सगळं सांगितलं. पट्टा, पातळ कापड, हलके रनर, सैल केलेल्या चपला. कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मुलगी स्टुलावर बसून ऐकत राहिली. शेवटी तिनं आपल्या जुन्या बॅगेची शिवण उलटी करून बोटानं खरवडली. चिमूटभर लाल रेती निघाली. ती तिनं गोलाच्या काठाशी, काकू बसत त्या बाजूला ठेवली.

आठ-दहा दिवसांनी नवी बॅग तयार झाली. मुलीनं ती खांद्यावर चढवली आणि जुन्या सवयीनं पत्रपेटीकडे निघाली. तिला वाटलं, काकांना बरं वाटेल.

"थांब," चेनवाले म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावरून बॅग उतरवून घेतली. "आधी रिकाम्या हाताने."

"काय?"

"आधी रिकाम्या हाताने चालून दाखव. बॅग मग."

मुलगी निघाली. चेनवाले उंबऱ्यावर उभे राहिले. एक क्षणच. मग ते खाली उतरले आणि तिच्या शेजारून चालू लागले. या वेळी ते खांद्याकडे बघत नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, श्वास ऐकत होते. चावीवाला कानस तशीच हातात धरून दारात आला.

जन्मभर त्यांनी सगळ्या गावाला या रस्त्यानं पाठवलं होतं. स्वतः एकदाच गेले होते, तेही धावत, आणि धावताना अंतर कळत नाही. पत्रपेटीशी येऊन त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि मागे वळून दुकानाकडे बघितलं. उंबरा इतका लहान दिसत होता. तिथं उभ्या असलेल्या माणसाला इथल्या माणसाचा चेहरा दिसला नसता, हे खरं. पण चार पावलं खाली उतरून बरोबर यायला त्याला कुणी अडवलं होतं?

"काका, दम लागला का तुम्हाला?" मुलीनं विचारलं.

चेनवाल्यांनी मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही. ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. पत्रपेटी दुकानापासून इतकी लांब आहे, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.